लिगँडची पकड मोजणं (मास स्पेक्ट्रोमेट्रीने)

धातूच्या आयनाला चिकटलेला रेणू म्हणजे लिगँड, तो किती घट्ट बसलाय हे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे आयनांचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, तोडून बघायचं, अशी ही पद्धत. बडोद्याच्या माणसाला रंगाईवरून लगेच कळेल. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू केलं, तिथे रंगाई शिकवत. अलिझरीन नुसतं सुती कापडावर टिकत नाही, आधी तुरटी लागते, कारण तुरटीतलं अॅल्युमिनियम एकीकडे धाग्याला आणि दुसरीकडे रंगाला धरतं. इथे अलिझरीन हा लिगँड.

सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. रसायनशास्त्रज्ञ पॉल केबार्ली यांनी आयन आणि वायू यांचा समतोल वेगवेगळ्या तापमानांना मोजून थेट बंधाची उष्णता काढली, १९७० च्या सुमारास पाण्याच्या पहिल्या रेणूसाठी लिथियम, सोडियम, पोटॅशियमचे आकडे साधारण ३४, २४ आणि १८ किलोकॅलरी प्रति मोल आले. काही जण मात्र कुक्स आणि क्रुगर यांच्या १९७७ च्या कायनेटिक मेथडपासून (ती पुढे सांगितली आहे) मोजतात, पण ती आधी प्रोटॉनसाठी होती, धातूंवर नंतर आली. केबार्लीकडे झुकणं जास्त बरोबर वाटतं.

कायनेटिक मेथडमध्ये एकाच धातूवर दोन लिगँड बसवतात, आयन आपटून फोडतात, कुठला लिगँड जास्त वेळा सुटला ते बघतात. दोन तुकड्यांच्या प्रमाणाचा लॉग काढला की बंधांतला फरक मिळतो, फक्त तो 'इफेक्टिव्ह टेंपरेचर'ने भागलेला असतो, आणि खरा वाद तिथेच आहे, कारण हे तापमान कुठल्या थर्मामीटरवर दिसत नाही, ते आकडे जुळवताना निघतं. लिगँड सारख्या घडणीचे असतील तर चालून जातं. पण एक लिगँड दोन हातांनी धरणारा आणि दुसरा एका हाताचा असेल तर एंट्रॉपी, म्हणजे सुटताना मिळणाऱ्या मोकळिकीतला फरक, मध्ये येते. १९९३ मध्ये फेन्सेलाऊ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ऊर्जांना मोजून ती वेगळी काढायचा मार्ग सुचवला, आर्मेंट्राउट यांनी त्यातल्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले, आणि ते आक्षेप दमदार आहेत.

आर्मेंट्राउट यांची स्वतःची वाट थ्रेशोल्डची, तुटायला किमान किती ऊर्जा लागते तेच बघायचं. इथे आयनाला वेग देणारं व्होल्टेज जसंच्या तसं वापरायचं नाही हे पक्कं लक्षात ठेवा! ४०० वजनाचा आयन २२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने ४० वजनाच्या आरगॉनवर आदळला तर कामाची ऊर्जा २२ × ४० / ४४० म्हणजे २ च उरते. शिवाय मोठा आयन ऊर्जा अनेक कंपनांत वाटून घेतो आणि उशिरा तुटतो, त्यामुळे बंध आहे त्यापेक्षा घट्ट भासतो, म्हणून निम्मे आयन शिल्लक राहतात ते व्होल्टेज साधारण सारख्या आकाराच्याच कॉम्प्लेक्समध्ये (धातू आणि लिगँड यांच्या जोडणीत) तोलायचं.

द्रावणातले कॉम्प्लेक्स मशीनमध्ये अलगद नेता येऊ लागले ते इलेक्ट्रोस्प्रेमुळे, म्हणजे द्रावण विजेच्या जोरावर फवारून आयन वायूत आणण्याच्या पद्धतीमुळे, जॉन फेन यांना त्यासाठी २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इथली पकड निर्वातातली, बाटलीतली नाही. १८-क्राउन-६ हा कड्यासारखा लिगँड पाण्यात पोटॅशियमला पसंत करतो, वायूत मात्र सोडियमला जास्त घट्ट धरतो, कारण पाण्यात सोडियमला आपलं पाणी सोडून यायला जास्त जड जातं.