झाग्रेबमध्ये राहून परदेशी कंपनीचे काम: क्रोएशियाच्या निवास परवान्याची अर्ज प्रक्रिया

क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथे घरभाडे आणि रोजचा खर्च पॅरिस किंवा अ‍ॅम्स्टरडॅमच्या मानाने बराच कमी येतो; परंतु तेथे राहून ऑनलाइन काम करण्याच्या परवान्यासाठी घातलेली उत्पन्नाची अट मुळीच स्वस्त नाही. त्यामुळे घर शोधण्याआधी ही अट आपण पूर्ण करतो का, हे तपासावे.

‘डिजिटल नोमॅड’ या नावाने ओळखला जाणारा हा तात्पुरता निवास परवाना २०२१ पासून उपलब्ध आहे. युरोपीय संघाबाहेरील नागरिकाला तो मिळतो, मात्र त्याचे काम क्रोएशियात नोंदणी नसलेल्या कंपनीचे, मग ती पुण्यातील असो वा स्वतःची, असले पाहिजे. स्थानिक कंपनीची नोकरी किंवा तिला सेवा देणे चालत नाही. पूर्वी एक वर्षाची असलेली कमाल मुदत २०२५ मध्ये दीड वर्षावर नेण्यात आली. पती-पत्नी व मुलांना कुटुंब एकत्रीकरणाच्या तरतुदीखाली सोबत राहता येते.

२०२५ मध्ये दरमहा किमान उत्पन्न ३,२९५ युरो, म्हणजे तीन लाख रुपयांहून अधिक, असे ठरवण्यात आले. हा आकडा तेथील सरासरी निव्वळ वेतनाच्या अडीचपट असल्याने तो बदलत राहतो व अर्जाच्या वेळी पुन्हा पाहावा लागतो. नियमित उत्पन्न दाखवता येत नसेल, तर तेवढी रक्कम बँकेत असल्याचा पुरावाही ग्राह्य धरला जातो; २०२५ मध्ये ती बारा महिन्यांसाठी ३९,५४० किंवा अठरा महिन्यांसाठी ५९,३१० युरो होती.

कागदपत्रांत मुक्कामाच्या मुदतीनंतरही किमान तीन महिने वैध राहील असा पासपोर्ट, क्रोएशियात लागू असलेला आरोग्य विमा, उत्पन्नाचा पुरावा, तेथील पत्ता आणि कामाचा करार लागतो. खरी अडचण करारात येते, कारण आपल्याकडील बहुतेक नेमणूकपत्रांत ‘कामाचे ठिकाण: पुणे’ एवढेच लिहिलेले असते, म्हणून परदेशातून ऑनलाइन काम करण्यास परवानगी असल्याचे स्वतंत्र पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्यावे. नावाचेही तसेच आहे: पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे आणि बँकेच्या विवरणात आडनाव आधी, हा आपला नेहमीचा घोळ अर्जापूर्वीच निस्तरलेला बरा.

गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरावा यासाठीचे प्रमाणन) घेऊन त्याचा क्रोएशियन भाषेत प्रमाणित अनुवाद करून घ्यावा लागतो. येण्यापूर्वी लगतचे एक वर्षाहून अधिक काळ दुबईत किंवा अन्य देशात राहिला असाल, तर हा दाखला त्या देशाचा लागतो.

भारतीय नागरिकाला प्रवेशासाठी व्हिसा लागत असल्यामुळे पर्यटक म्हणून जाऊन तेथील पोलीस ठाण्यात अर्ज करण्याचा, काही देशांच्या नागरिकांना खुला असलेला, मार्ग आपल्याला नाही. अर्ज नवी दिल्लीतील क्रोएशियाच्या दूतावासामार्फत करता येतो. निवास मंजूर झाल्यावर ‘डी’ प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा घ्यायचा, आणि क्रोएशियात पोहोचल्यापासून तीन दिवसांत स्थानिक पोलिसांकडे पत्ता नोंदवून ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे द्यायचे. या कामातून मिळणाऱ्या उत्पन्नावर क्रोएशियात आयकर नाही; भारतातील करदायित्व मात्र वर्षभरातील मुक्कामाच्या दिवसांनुसार वेगळे ठरते, तेव्हा निघण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा. मुदत संपल्यानंतर नवा अर्ज सहा महिन्यांनीच करता येतो.