लॉक आणि फ्री : जीपच्या पुढच्या हबची पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याला एखादी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी जीप उभी दिसली, तर पुढच्या चाकाच्या मधोमध पाहा. वाटीएवढी गोल टोपी, तिच्यावर बोटांनी फिरवायची खाच आणि ‘लॉक’, ‘फ्री’ हे दोन शब्द. हेच हाताने फिरवायचं हब, म्हणजे चाक आतल्या दांड्याला जोडणारा किंवा त्यापासून सोडवणारा भाग.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ते नव्हतं. पुढचं चाक आणि ते फिरवणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्ट, जाड फ्लँजने (बोल्टने आवळलेल्या चकतीने) कायमचे जखडलेले असत. लिव्हर टू व्हीलवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर देण्यावर टाकला तरी चाकांबरोबर शाफ्ट, डिफरन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), त्याला जोडलेला पुढचा लांब प्रोपेलर शाफ्ट हा सगळा लोखंडी संसार फुकट फिरत राही. रणांगणावर त्याची पर्वा कोण करतो? युद्ध संपल्यावर मात्र याच जीप शेतकऱ्यांच्या हाती आल्या आणि डांबरावर धावू लागल्या. तिथे झीज, आवाज आणि इंधन तिन्ही डोळ्यांत येऊ लागले. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी त्यावर सुटं होणारं हब काढलं. आज वॉर्न हे नाव विंचसाठी, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या यंत्रासाठी घेतलं जातं, पण त्या कंपनीचा पाया हबवर उभा आहे.

आपल्याकडे महिंद्रांनी विलिसच्याच जीप मुंबईत जुळवायला घेतल्या आणि ती घडण खानदेशापर्यंत आली. इथे हबचा उपयोग मला सर्वांत जास्त पटतो. धुळ्याहून शहाद्यापर्यंत डांबर, पुढे धडगावकडे घाट, आणि पावसाळ्यात आडवाटेला लागलात की चाकाला गोळे धरणारी काळी माती. एकाच दिवसात दोन्ही गरजा.

आमच्या जीपला हब बसवलं तेव्हा मी मिस्त्रींच्या शेजारी बसलो होतो. सहा बोल्ट काढून फ्लँज उतरला, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (अडकवलेली पातळ चाप) निघाली, दात्यांवरचं जुनं काळं ग्रीस रॉकेलने धुतलं गेलं. मी डब्यातून मूठभर ग्रीस काढलं, तर त्यांनी हात धरला. “बोटभर पुरे. जास्त भरलंस तर आतली कडी सरकणार नाही.” ती कडी म्हणजेच या हबचा जीव. लॉक केलं की ती शाफ्ट आणि चाक जोडते, फ्री केलं की चाक एकटं फिरतं.

वापरताना चुका होतात त्या घाईने. चिखलात शिरण्याआधीच दोन्ही बाजू लॉक करायच्या. खाच अडली तर गाडी हातभर पुढे-मागे घ्यायची, पक्कड लावायची नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हील ठेवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. हब फ्री ठेवून जास्त जोराचा लो गिअर लावला, तर सगळा जोर मागच्या अ‍ॅक्सलवर पडतो. मागचा शाफ्ट तुटायला तेवढं पुरतं. आणि महिन्यातून एकदा हब लॉक करून, लिव्हर टू व्हीलवर ठेवून थोडे किलोमीटर चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधलं ऑइल सगळीकडे पोचतं.

पुढे व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढून आपोआप लागणारी हबं आली, खाली उतरायची गरज उरली नाही. पण नळी फुटली तर चाक सुटंच राहतं आणि सीटवरून ते दिसत नाही. वडील घाटाच्या पायथ्याशी थांबत, भर पावसात उतरत, आधी डावं हब फिरवत, मग उजवं, आणि दोन्ही खाचा पुन्हा एकदा बोटाने चाचपून मगच वर बसत.