मित्रासाठी रडावे की नाही

योहानाच्या शुभवर्तमानात, ११व्या अध्यायात, दोनच शब्दांचे एक वचन आहे : ‘येशू रडला.’ बेथानी गावचा लाजर, येशूचा मित्र, वारला होता. ‘आपला मित्र झोपला आहे’ असे येशूने शिष्यांना आधीच सांगितले होते आणि तो कबरेपाशी पोहोचेपर्यंत चार दिवस उलटले होते. घटकाभरात ज्याला मेलेल्यांतून पुन्हा जिवंत उठवायचे, त्याच्यासाठी रडायचे कशाला? ख्रिस्ती शोकाचा सगळा पेच या प्रश्नात आहे.

येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असे तो म्हणाला नव्हता. पण पुढे वाक्याचा अर्धाच भाग लोकांच्या डोक्यात राहिला असावा. २५२च्या सुमारास साथीत माणसे मरत असताना कार्थेजचा बिशप सिप्रियन बजावत होता, की गेलेल्यांनी तिकडे शुभ्र वस्त्रे घातली आहेत, तुम्ही इकडे काळी घालू नका.

या शिकवणीची धग पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या चौथ्या भागात लागते. थागस्ते गावातला त्याचा जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला आणि त्याच अवस्थेत त्याला बाप्तिस्मा देण्यात आला. तेव्हा ख्रिस्ती नसलेल्या ऑगस्टीनने, मित्र जरा सावरल्यावर, त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. आपल्याबरोबर तोही हसेल असे त्याला वाटले होते. मित्राने मात्र शत्रूकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा असे बोलायचे नाही म्हणून ठणकावले. काही दिवसांत ताप उलटला, मित्र गेला, आणि नेमका त्या वेळी ऑगस्टीन जवळ नव्हता. मग डोळे त्यालाच शोधत राहिले, गाव नकोसे झाले, आणि तो कार्थेजला निघून गेला. वीसेक वर्षांनी बिशप होऊन हे लिहिताना त्याने स्वतःलाच दोष दिला : मर्त्य माणसावर, तो कधी मरणारच नाही असे समजून प्रेम केले! इतके सगळे लिहूनही मित्राचे नाव त्याने कुठेच दिलेले नाही. मला ते खटकते.

त्याच काळात पूर्वेकडे नाझियान्झसच्या ग्रेगरीने आपला मित्र बिशप बासिल याच्यासाठी लांबलचक शोकभाषण केले. अथेन्समधल्या शिक्षणापासूनची ही मैत्री. बासिलने त्याला सासिमा नावाच्या आडगावचा बिशप करून टाकले होते. तो सल त्या भाषणातही लपत नाही. तरी शेवटी तो थेट बासिलशीच बोलू लागतो आणि विचारतो, की आम्ही तुझ्यामागून जाऊ तेव्हा आमची स्तुती कोण करणार?

बाराव्या शतकात मठांतून सूर बदलला. क्लेरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याचा भाऊ जेरार्ड ११३८मध्ये वारला. बर्नार्डने कोरड्या डोळ्यांनी दफनविधी उरकला आणि नंतर बायबलमधल्या गीतरत्न या पुस्तकावर प्रवचन देता देता मध्येच थांबून भावासाठी आक्रोश केला. त्याच बर्नार्डच्या आग्रहावरून रिव्हॉच्या मठातल्या एल्रेडने प्रेमावर ग्रंथ लिहायला घेतला. त्यातही सायमन या मित्राच्या मृत्यूचा विलाप शिरला. इथे नाव आहे. आपले रडणे काहींना फार देहासक्त वाटेल हे एल्रेडला ठाऊक होते. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला, हा आधार तोही घेतो आणि बर्नार्डही.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने प्रश्न वेगळ्या बाजूने आणला. मेल्यावर आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानाची कल्पना नाकारल्यावर मृतांसाठी प्रार्थना करण्याला अर्थ उरला नाही. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात हे एका सर्वनामावरून कळते. १५४९च्या पुस्तकात धर्मगुरू प्रेतावर माती टाकताना मृतालाच उद्देशून म्हणतो, की तुझा आत्मा मी देवाच्या हाती सोपवतो आणि तुझे शरीर भूमीला. १५५२च्या आवृत्तीत तो उभ्या असलेल्या लोकांकडे वळतो, आणि ‘तुझे शरीर’ हे ‘त्याचे शरीर’ होते.