पेलेट्रॉनची दुरुस्ती शिकायची कुठे?

कुलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाला टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) आहे, तिथे १९८८ पासून पेलेट्रॉन नावाचा पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर चालतोय, म्हणजे आयनना (चार्ज असलेल्या अणूंना) प्रचंड वेग देणारं मशीन, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआर दोघांचं मिळून. त्यावर होणाऱ्या फिजिक्सबद्दल थोडंफार लिहिलं जातं, पण एवढं जुनं मशीन चालू कोण ठेवतं आणि ते लोक हे शिकतात कुठे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये हे मिळत नाही, तिथेच सिनियरच्या बाजूला उभं राहून शिकावं लागतं.

आधी मशीन काय करतं ते बघा. एका उंच उभ्या टँकच्या मध्यभागी टर्मिनल, म्हणजे धातूचा मोठा डबा असतो, तो १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत पॉझिटिव्ह चार्ज करता येईल असं डिझाइन आहे. हा चार्ज वर नेते एक चेन, धातूचे छोटे सिलिंडर नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेले, रहाटगाडगं जसं पाणी वर नेतं तसं. निगेटिव्ह आयन, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेला अणू, हवा काढून घेतलेल्या (व्हॅक्यूम) ट्यूबमधून टर्मिनलकडे खेचला जातो, तिथे कार्बनच्या अतिशय पातळ फॉइलमधून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन निघून जातात, तो पॉझिटिव्ह होतो आणि मग तेच टर्मिनल त्याला खाली ढकलतं, म्हणजे एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. समजा टर्मिनलवर १ कोटी २० लाख व्होल्ट आहेत आणि फॉइलनंतर ऑक्सिजनवर +७ चार्ज आला, तर टर्मिनलपर्यंत १२ आणि पुढे सात गुणिले १२ म्हणजे ८४, एकूण एनर्जी ९६ एमईव्ही (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची एनर्जी मोजायचं एकक).

आता दुरुस्ती. टँकमध्ये एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) गॅस प्रेशरने भरलेला असतो, स्पार्क होऊ नये म्हणून. टँक उघडायचा तर आधी तो सगळा गॅस स्टोरेजमध्ये परत घ्यावा लागतो, हवेत सोडून चालत नाही, ग्रीनहाऊस गॅस म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त घातक आहे. शिवाय हवेपेक्षा पाचपट जड, तळाशी साचतो, म्हणून आत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजायचाच, इथे घाई नाही म्हणजे नाही. नव्या मुलाला पहिल्यांदा हेच शिकवायला हवं.

आत गेल्यावर खरं शिक्षण सुरू होतं. नायलॉन झिजून पूड झालीय का, चेन सैल पडलीय का, स्पार्कचे डाग कुठे आहेत, हे सगळं डोळ्यांनी आणि हाताने बघायचं. मुंबईचा पावसाळा असेल तर दमट हवेचं वेगळं टेन्शन, टँक उघडा असताना ओलावा आत गेला की पुढे व्होल्टेज धरायला त्रास होतो.

आयनच्या ट्यूबमधल्या व्हॅक्यूममध्ये बाहेरून कुठे गळती होतेय, म्हणजे व्हॅक्यूम लीक, ते शोधणं तर मला सगळ्यात सुंदर काम वाटतं. बाहेरून प्रत्येक जॉइंटवर हेलियमची अगदी बारीक फुंकर मारायची आणि आत डिटेक्टरला तो सापडतो का बघायचं. हेलियम हलका, वर चढतो, त्यामुळे खालून सुरुवात केली तर तो वरच्या लीकमधून आत शिरतो आणि तुम्ही चांगल्या जॉइंटवर संशय घेत बसता, म्हणून वरून खाली यायचं, आणि प्रत्येक जागी थांबायचं. हे वाचून कळतं, पण किती थांबायचं ते जमायला कोणीतरी जाणकार सोबत लागतो.

मग कंडिशनिंग. टँक बंद केल्यावर व्होल्टेज हळूहळू चढवायचं, व्हॅक्यूम बिघडला किंवा एक्स-रे वाढले की थांबायचं, शांत झालं की पुन्हा पुढे. घाई केली आणि मोठा स्पार्क झाला तर ट्यूबचे इन्सुलेटर आणि टर्मिनलमधलं इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही धोक्यात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या सर्किट कार्डांवरच्या आयसी (चिप) बनणं बंद झालं की लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट पालथं घालूनही मिळत नाहीत, मग सर्किट समजून घेऊन नवीन कार्ड स्वतः बनवावं लागतं.

पेलेट्रॉनच्या पुढे एक सुपरकंडक्टिंग लिनॅकही (आयनना सरळ रेषेत आणखी वेग देणारा अॅक्सिलरेटर) जोडलेला आहे, त्यात तांब्याच्या रेझोनेटरना, म्हणजे आयनना धक्का देणाऱ्या पोकळ भांड्यांना, शिशाचा मुलामा असतो आणि ते उणे २६९ अंशांच्या आसपास लिक्विड हेलियमने थंड ठेवतात. दमट हवेत शिसं खराब होतं, मग मुलामा काढून पुन्हा चढवायचा.

१९८८ च्या सुमारास पंचविशीत या कामाला लागलेले लोक आज साठीच्या पुढे आहेत. लॉगबुकमध्ये काय केलं ते असतं, पण का केलं ते बऱ्याचदा माणसाकडेच असतं, म्हणून मला मनापासून वाटतं की प्रत्येक टँक ओपनिंगला डिप्लोमा किंवा बीएस्सीची दोन-तीन मुलं सोबत घ्यावीत, आणि रिटायर झालेल्यांनाही त्या दिवशी आवर्जून बोलवावं.