बडोद्यातली पंगत: कोणाचं पान, कोणाशेजारी

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी वस्तीत गणपतीतल्या महाप्रसादाला आज शेजारी कोण बसलाय हे कुणी विचारत नाही. या मोकळेपणामागे बरंच घडून गेलंय.

गायकवाडी अमलात राज्याच्या खर्चाने ब्राह्मणांना रोज खिचडी मिळे. अन्नदान मोठं, पण पंगत जातीची.

या रिवाजाविरुद्धचा एक सुरुवातीचा संघटित आवाज जवळच, सुरतेत उठला. तिथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे दादोबा मुंबईला आले, १८४९ मध्ये परमहंस मंडळी ही सुधारकांची गुप्त संस्था निघाली आणि भाषणांवरून गोष्ट थेट ताटापर्यंत आली. सभासद होणाऱ्याने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. तेही दार लावून, गुपचूप. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि मंडळी मोडली. त्यांना भित्रं म्हणणं मला पटत नाही. वाळीत पडलेल्याच्या लेकीचं लग्न अडे, मयताला खांदेकरी मिळत नसत.

सयाजीराव महाराजांनी वेगळी वाट धरली: अस्पृश्यांसाठी शाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९१२ मध्ये पुण्यात अस्पृश्यतानिवारण परिषद भरवली. तिथे सर्व जातींचं सहभोजन झालं, उघडपणे.

आणि तरीही १९१७ साली बडोद्यातच काय झालं ते पाहा. बडोदा सरकारच्या खर्चाने अमेरिकेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे नोकरीवर रुजू झाले. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरले आणि तिथल्या ओसाड दालनात एकट्याने जेवत राहिले. अकराव्या दिवशी, ते पारशी नाहीत हे कळल्यावर, काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, मूळचा ब्राह्मण घरातला. त्याला बायकोला विचारायचं होतं. राजाचा हुकूम कचेरीत चालत होता, चुलीपाशी नाही. बाबासाहेब कमाटीबागेत थांबले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बागेतली ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. माझ्या मते बडोद्यातल्या पंगतीचा इतिहास सांगताना या जागेचा उल्लेख आधी व्हायला हवा, खिचडीचा नंतर.