ट्यूनिंग झालंय, पण रेग्युलेशन?

नवा पियानो पाठवताना दुकानदार सांगतो, "ट्यूनिंग करून दिलाय." ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी तयारी झाली. पण ट्यूनिंग तारांचं असतं. रेग्युलेशन, म्हणजे यंत्रणेची जुळणी, पट्ट्या आणि त्या दाबल्यावर तारांवर आदळणाऱ्या हातोड्यांचं. सोलापूरकरांना हे मागावरून लगेच कळेल: ताण्याचे धागे सारखे ताणलेले असणं वेगळं आणि जॉबरनं, म्हणजे मागाच्या कारागिरानं, माग नीट लावून दिलेला असणं वेगळं.

88 पट्ट्यांमागे सुमारे 230 तारा असतात. एकेक खुंटी पिळून मधला 'ए' हा स्वर 440 हर्ट्झवर आणतात, बाकीचे स्वर त्याच्या हिशेबाने. हे काम टिकाऊ नसतं. नव्या तारा सैलावत राहतात. तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, साउंडबोर्ड, पावसाळ्यात फुगली की स्वर चढतो, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसली की उतरतो. म्हणून पियानो खोलीत दोन-तीन आठवडे रुळू द्यावा आणि ट्यूनिंग पुन्हा करून घ्यावं.

खरं जिकिरीचं काम रेग्युलेशनचं. प्रत्येक पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली गेली पाहिजे, सगळ्या एकसारख्या. हातोडी तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आली की यंत्रणा तिला सोडून देते. उरलेलं अंतर ती स्वतःच्या वेगाने जाते, तारेवर आदळते आणि मागे येते. सुटलीच नाही तर तारेला टेकून राहते आणि स्वर गुदमरतो. हे सुटणं प्रत्येक पट्टीच्या बारीक स्क्रूवर ठरतं, म्हणजे तेच काम 88 वेळा. कारखान्यात ते झालेलं असतं, पण नंतर फेल्ट, म्हणजे आतलं लोकरीचं जाड कापड, दबतं, लाकूड हवेनुसार बदलतं. दुकानात पुन्हा हात फिरवावाच लागतो.

माझ्या भाचीचा पियानो आला तेव्हा सूर चोख होते, पण हळू वाजवलं की मधल्या दोन पट्ट्या मुक्या. "तुझी बोटं कच्ची आहेत," असं आम्ही महिनाभर त्या पोरीला म्हणत राहिलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. बोटं ठीक होती, रेग्युलेशन राहिलं होतं.

दुकानात वरचं झाकण उघडायला सांगा. एक पट्टी अगदी सावकाश दाबा आणि हातोडीकडे बघा: तारेजवळ जाऊन ती किंचित मागे फिरली पाहिजे. खर्जापासून तारसप्तकापर्यंत दहा-बारा ठिकाणी बघा. ट्यूनिंग घरी दीड-दोन तासांत होतं. रेग्युलेशनला अख्खा दिवसही लागतो, म्हणून ते पैसे चुकते करण्याआधी दुकानातच करून घ्या.