पाठीमागचा उजेड

संध्याकाळी दिवे लागले की आपण आधी खिडकीचा पडदा ओढतो. दिवसा तीच खिडकी सताड उघडी असते. उजेडातला माणूस अंधारातून दिसतो, अंधारातला मात्र उजेडातून दिसत नाही. एवढ्याशा गोष्टीवर इंग्लंडच्या जेरेमी बेन्थम या तत्त्वज्ञाने अख्खा तुरुंग रचला, म्हणजे कागदावर.

मूळ कल्पना धाकट्या भावाची. सॅम्युएल तेव्हा रशियन साम्राज्यात, आजच्या बेलारूसमधल्या क्रिचेव्हला, कामगारांवर नजर ठेवता येईल अशी गोल इमारत आखत होता. जेरेमी त्याच्याकडे राहायला गेला आणि १७८७ साली तिथूनच त्याने या ‘पॅनॉप्टिकॉन’वर, म्हणजे सगळं दिसेल अशा इमारतीवर, पत्रं लिहिली.

कडेने वर्तुळात कोठड्या, मधोमध मनोरा. कोठडीला बाहेरच्या भिंतीत खिडकी, आतल्या अंगाला नुसते गज. उजेड कैद्याच्या पाठीमागून येतो, त्यामुळे त्याची आकृती मनोऱ्यातून उठून दिसते. मनोऱ्याच्या खिडक्यांवर मात्र पडदे. आत दारंसुद्धा नकोत, वळणावळणाच्या आडभिंती हव्यात, कारण दार किलकिलं झालं तरी उजेडाची तिरीप चुगली करणार! पहारेकरी आहे की नाही हेच कळत नसेल, तर तो नसला तरी काम भागतं.

आवाजापुढे मात्र ही युक्ती चालेना. मनोऱ्यापासून कोठड्यांपर्यंत पत्र्याच्या नळ्या टाकायचं त्याच्या मनात होतं. पुढे त्याने तो बेत सोडला. बहुधा अडचण ही, की नळीतून कैद्याचं जसं ऐकू येतं, तसंच पहारेकऱ्याचंही त्याला ऐकू जातं. ध्वनीला पडदा लावायचा कसा? तुरुंगही झाला नाहीच. १८१३ साली ब्रिटिश सरकारने २३,००० पौंडांची भरपाई देऊन त्याची बोळवण केली.

अंदमानच्या सेल्युलर जेललाही सर्रास पॅनॉप्टिकॉन म्हणतात. मला ते पटत नाही. सावरकर बंधू ज्यात होते, त्या तुरुंगाच्या सात इमारती मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत. मनोऱ्यावरून व्हरांडे दिसत, कोठडीच्या आतलं नाही. शिवाय प्रत्येक कोठडीसमोर शेजारच्या इमारतीची पाठ. तिथला भर कैद्यांना एकमेकांपासून तोडण्यावर होता.

नेदरलँड्समधल्या आर्नहेमला १८८६ साली घुमटाखाली खरोखरचा गोल तुरुंग उभा राहिला. शंभरेक वर्षांनी रेम कूलहास हा वास्तुविशारद त्याचा अभ्यास करायला गेला, तेव्हा मधल्या टेहळणीच्या जागी पहारेकऱ्यांचं कॅन्टीन झालं होतं. ते कॉफी प्यायला बसत, आणि चहूबाजूंनी कैदी त्यांना बघत.